सदर तरंगते साधन

दस्तगीरचाचा पाण्यावर राहायचे आणि त्यांना पोहता येत नव्हतं. हे ऐकून बहुतेक लोक हसायचे, काही घाबरायचे, आणि जुन्नरच्या एका डॉक्टरांनी तर एकदा त्यांना समोर बसवून पाऊण तास समजावलं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमी मोटारीत बसता. मोटार बंद पडल्यावर तुमाला तिच्याएवढं पळता येतं का?" डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली. ती चाचांसाठी होती की स्वतःसाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

दस्तगीर मिस्त्री आळेफाट्यावर ट्रकच्या बॉड्या बांधायचे. नाशिककडे आणि नगरकडे जाणाऱ्या कितीतरी ट्रकांचे लाकडी हौदे त्यांच्या हातचे. पुढे बॉड्या कारखान्यातूनच तयार होऊन यायला लागल्या आणि काम आटलं. मग ज्या गॅरेजमागच्या खोलीत चाचा आणि त्यांची बायको खैरूनचाची राहत होते, ते गॅरेजच मालकानं हॉटेलसाठी पाडायला काढलं. चाचांकडे उरला भंगारातल्या एका ट्रकचा हौदा, त्याचंच केबिन आणि बरीचशी निळी प्लॅस्टिकची पिंपं. दुसरा कुणी हे विकून मोकळा झाला असता. चाचांनी हौद्याखाली पिंपं आवळली, पुढे केबिन बसवलं, वर पत्रा टाकला आणि ते सगळं येडगावच्या धरणाच्या पाण्यात ढकललं. ते तरंगलं. चाची सांगायच्या की ते तरंगल्याचं सगळ्यात मोठं आश्चर्य मिस्त्रींनाच वाटलं होतं.

आता माझी ओळख. आळेफाट्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, आणि लोकांचे अर्जही मी लिहून देतो. माझ्या सरकारी मराठीचा मला अभिमान आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. 'सदर', 'उपरोक्त' आणि 'सबब' हे तीन शब्द मी ज्या सफाईनं बसवतो, ती सफाई पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला साधलेली नाही. बायको म्हणते की एकदा जेवताना मी 'सदर आमटीत मीठ कमी आहे' असं म्हणालो होतो. मला आठवत नाही, पण म्हणालो असेन.

एका दुपारी चाचा माझ्या दुकानात आले. पाय फाकवून, जरा डुलत. पाण्यावर राहून राहून त्यांना जमीन हलत नाही याचाच त्रास व्हायला लागला होता. पावाच्या पिशवीतून एक कागद काढून ते म्हणाले, "मोठ्यानं वाचा जरा. चष्मा गाडीत ऱ्हायला." होडीला ते गाडी म्हणायचे. मी वाचायला सुरुवात केली. 'सबब सदर तरंगते साधन आठ दिवसांचे आत पाण्याबाहेर काढण्यात यावे.'  ती नोटीस मीच टाइप केलेली होती.

झालं होतं असं. ज्या सरकारी ऑफिसाकडे तिथल्या पाण्याचा कारभार आहे, त्याचं नाव मी घेणार नाही, कारण त्यांच्या नोटिसा मला पुढेही टाइप करायच्या आहेत. त्यांचा प्रिंटर बिघडलेला असायचा आणि कारकून हातानं खरडलेला मसुदा घेऊन माझ्याकडे यायचा. मजकूर त्यांचा, सजावट माझी. 'तरंगते साधन' ही रचना तर खास माझीच. कारकुनानं नुसतं 'राहती होडी' असं लिहिलं होतं, ते मला फार पुचाट वाटलं होतं.

नोटीस संपल्यावर चाचांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "लई ग्वाड लिवलंय. ज्यानं कुणी लिवलं त्याचा हात चांगला हाय. पर आमी जायाचं कुठं?" मला राहवेना. मी कबूल करून टाकलं. मला वाटलं चाचा चिडतील, निदान उठून तरी जातील. ते उलट खूश झाले. "मंग उत्तर बी तुमीच द्या," ते म्हणाले. "ज्यानं बोल्ट आवळला त्याला ठावं असतं, त्यो कुठनं ढिला व्हतो." त्या दिवसापासून ते मला वकील म्हणायला लागले. मी कायद्याचं पुस्तक झेरॉक्स करण्यापुरतंच हाताळलं आहे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं, पण त्यांच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

उत्तर लिहायचं तर जागा बघायला हवी म्हणून मी होडीवर गेलो. येडगावच्या काठाला बबनअण्णांचं शेत आहे, त्या शेताच्या टोकाला एक बाभूळ आहे, आणि त्या बाभळीला चाचांची गाडी बांधलेली असायची. काठावरून आत जायला एक फळी. फळीच्या टोकाला ताडपत्रीचं पायपुसणं, आणि त्यावर ट्रकवर असतात तशा रंगीत अक्षरांत 'या' असं रंगवलेलं. ह्या पायपुसण्याकडे जरा लक्ष ठेवा, पुढे त्याचं काम आहे. मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात 'सुरक्षित अंतर ठेवा' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पाणी खोल आहे'. नांगर म्हणून साखळीला एक जुना गिअरबॉक्स बांधलेला होता. तो पाण्यात सोडला की चाचा म्हणायचे, हँडब्रेक लावला.

केबिनमध्ये चाचींचं स्वयंपाकघर होतं आणि हौद्यात झोपायची खोली. केबिनमधलं स्टिअरिंग चाचांनी जागच्या जागी ठेवलं होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. होडी ढकलायला एक लांब बांबू होता, पण संध्याकाळी चहाचा पेला घेऊन चाचा स्टिअरिंगमागेच बसायचे, आणि वारा होडीला जिकडे वळवेल तिकडे तेही ते वळवायचे. चाचींची बसायची जागा डावीकडची, म्हणजे क्लीनर साईडची. यावरून त्यांचं रोज वाजायचं. चाळीस वर्षं संसार करून मी अजून क्लीनरच का, असं चाची विचारायच्या. चाचा म्हणायचे, प्रमोशनची फाइल वर गेलीय. कुठलीही गोष्ट अंगावर आली की त्यांचं एकच ठरलेलं वाक्य असायचं, "सावकाश घ्या, चढ हाय." सपाट पाण्यावर बसून ते हे इतक्या मनापासून म्हणायचे की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा.

पण त्या दिवशी त्यांनी मला स्टिअरिंगवरून उठून होडीच्या कडेला नेलं आणि खाली पाण्याकडे बोट दाखवलं. धरण व्हायच्या आधी तिथं एक वस्ती होती. चाचांचे वडील गावच्या शेतकऱ्यांच्या गाड्यांची चाकं बसवायचे, आणि त्यांचं घर नेमकं त्या जागी होतं. पाणी आलं तेव्हा चाचा दहा-बारा वर्षांचे होते. ज्यांची शेतं गेली त्यांना कुठं ना कुठं जमीन मिळाली. ज्यांच्याकडे फक्त घर आणि हत्यारं होती, ते हत्यारं घेऊन फाट्यावर आले. एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की त्या घराचं दगडी जोतं अजून वर येतं, आणि तेव्हा चाचा आणि चाची त्या जोत्यावर सतरंजी टाकून जेवायला बसत. "घर आमचंच हाय, वकील," चाचा म्हणाले. "तळमजला भरला, म्हून वरचा मजला काढला. ह्यात कुणाचं काय गेलं?"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण कारकुनानं मला ऑफिसातली खरी गोम सांगितली होती. नियम असा होता की पाण्यावर कुणाचं राहतं घर असेल, तर ते हलवण्याआधी सुनावणी घ्यायची, दुसरी जागा दाखवायची, वरिष्ठांची परवानगी आणायची, अशी सगळी लफडी. नुसतं साधन असेल, तर क्रेन आणायची आणि उचलायचं. मसुद्यात 'राहती' हा शब्द होता. तो मी माझ्या हातानं खोडला होता. म्हणजे दोन म्हातारी माणसं माझ्या एका झोकदार शब्दानं बेघर व्हायला निघाली होती. त्यांची एक मुलगी कल्याणला दोन खोल्यांत राहते, ती बोलवत होती. "ल्येकीकडं पावणं म्हून जायाचं," चाची म्हणाल्या, "मराया न्हाई."

मी तीन पानी उत्तर लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम लिखाण होतं. त्यात 'सबब' अकरा वेळा होतं. चाचांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ह्यात मी कुठाय?" मी म्हणालो, अर्जदार म्हणजे तुम्हीच. ते म्हणाले की अर्जदार आंघोळ करतो का, जेवतो का, बायकोशी भांडतो का, ते लिहा, म्हणजे तिथं माणूस राहतो हे साहेबाला कळेल. असलं काही सरकारी कागदात बसत नाही, असं मी त्यांना सांगितलं. शेवटी त्यांच्या हट्टाखातर एक वाक्य घातलं. 'अर्जदार व त्यांची पत्नी यांच्यात सदर ठिकाणी दैनंदिन वाद होतात.'

ऑफिसाचं उत्तर आलं, म्हणजे ते टाइप करायला कारकून माझ्याकडेच आला. नेमके त्याच वेळी चाचाही दुकानात होते. कारकून एका टोकाला, चाचा दुसऱ्या टोकाला, मधे मी. चाचांनी स्वतःविरुद्धचा तो मसुदा अगदी आस्थेनं तपासला. त्यात चोवीस पिंपं लिहिली होती. "सव्वीस हायती," चाचांनी सांगितलं. "दोन मधी हायत, ती दिसत न्हाईत." कारकुनानं आभार मानून दुरुस्ती केली. उत्तराचा सारांश एवढाच होता की घर असल्याचा पुरावा दिसत नाही, सबब साहेब स्वतः येऊन पंचनामा करतील आणि जागेवरच ठरवतील.

मग पुराव्यांची शोधाशोध सुरू झाली. आधार कार्डावर पाडलेल्या गॅरेजचा पत्ता होता. घराला नंबर नव्हता. तेवढ्यात बबनअण्णा मदतीला धावले. हा सहा फुटी शेतकरी चाचांचा लहानपणापासूनचा सोबती. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी चाचांना चूलबंद आवतण दिलं होतं. आमच्याकडे जवळच्या घराला असं बोलावतात, म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. अण्णांचं म्हणणं, चूलबंद आवतण घराला देतात, साधनाला कोण देतं? मुद्दा बिनतोड होता. पण कारकुनानं शंका काढली की होडीवर चूल नसून गॅस आहे. ह्या शंकेवर माझ्या दुकानात दोन तास चर्चा झाली आणि तीन लोकांचे झेरॉक्स राहून गेले.

पंचनाम्याचा दिवस उजाडला. साहेब तरुण होते, नलावडे त्यांचं नाव. शिस्तीचे, कमी बोलणारे, आणि नव्या कोऱ्या काळ्या बुटांतले. चाचांनी पाहुण्यांना चढायला सोपं जावं म्हणून गिअरबॉक्स वर ओढून होडी अगदी काठाला आणली होती. बाभळीला बांधायला अण्णांनी गोठ्यातलं नवं दावं आणलं होतं, कारण जुना दोर साहेबांपुढे बरा दिसत नव्हता. साहेब काठावरच्या दगडावर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटात नीट सारले आणि फळीवरून आत गेले. पायपुसण्यावर पाय पुसले. मागून कारकून आणि मी चपला काढून गेलो. यात मला काही वेगळं वाटलं नाही. केबिनच्या दारात उभे असलेले चाचा मात्र त्या बुटांकडे, एखाद्या इंजिनाचा आवाज ऐकावा तसे, मान वाकडी करून बघत होते.

साहेबांनी विचारलं की पंच कुठे आहेत. पंच म्हणजे बबनअण्णा. ते काठावर दावं धरून उभे होते. साहेबांनी हाक मारली, आत या. अण्णा आले. येताना दावं सोडून, गुंडाळून, खांद्यावर टाकून आले. तुम्ही म्हणाल, असं कोण करतं. पण ज्याच्या घरात गुरं आहेत असा माणूस आपलं नवं दावं काठावर टाकून कधीच कुठं जात नाही. अण्णांच्या हातानं ते काम केलं, डोक्याला विचारलंच नाही. अण्णांच्या वजनानं होडी जरा हलली, फळी पाण्यात पडली, आणि वारा पश्चिमेचा होता.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण आम्ही पंचनामा लिहीत होतो. पंचनाम्यात आधी चतुःसीमा लिहाव्या लागतात. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, अशा चारी बाजू. साहेब खिडकीतून बघून सांगत होते आणि मी लिहीत होतो. पश्चिमेस बाभळीचे झाड. मग त्यांनी थोडा वेळ पिंपांची चौकशी केली. उत्तरेस? साहेबांनी बाहेर पाहिलं. बाभळीचे झाड. मी लिहिलं. कारकून म्हणाला, दोन बाभळी असतील. पूर्वेस? साहेब जरा थांबले. "बाभळीचे झाड," ते म्हणाले, आणि मग हळूच, "लांब." मी 'लांब' सुद्धा लिहिलं. त्यानंतर साहेब उठून उभे राहिले.

काठ चांगलाच मागे गेला होता. होडी संथपणे स्वतःभोवती फिरत धरणाच्या मधे चालली होती. साहेब केबिनमध्ये धावले. चाचा स्टिअरिंगवर बसून ते गरागरा फिरवत होते.

"वळवा ना," साहेब म्हणाले.

"वळवतोय की."

"मग वळत का नाही?"

"जोडल्यालं न्हाई त्ये."

"मग फिरवताय कशाला?"

"तुमी म्हणला म्हून," चाचा म्हणाले. "सावकाश घ्या साहेब, चढ हाय."

बांबू तळाला लागत नव्हता. गिअरबॉक्स सोडला तर साखळी अपुरी पडली. वारा दुसऱ्या काठाला नेऊन सोडेल, पण त्याला दोन-तीन तास लागतील, असा चाचांचा अंदाज होता. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून कारकुनानं ओरडून मदत मागावी असं सुचवलं. ऐकायला काठावर फक्त अण्णांची म्हैस होती. अण्णा खांद्यावरचं दावं कुरवाळत एका कोपऱ्यात अपराध्यासारखे बसले होते. अशा वेळी चाचींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जेवायची वेळ झाली असल्याचं जाहीर केलं.

साहेब आधी नको म्हणाले. ड्यूटीवर असताना ज्याचा पंचनामा त्याच्याकडे जेवणं बरोबर नाही, असं त्यांचं मत होतं. ते मत मासवडीचा रस्सा उकळेपर्यंत टिकलं. चाचींच्या हातची मासवडी खाल्लेल्या माणसाला निःपक्षपाती राहणं अवघड जातं, आणि साहेबांनी पाच वड्या खाल्ल्या. मग ऊन, पाण्याची थापथप आणि ताडपत्रीची सावली. साहेब बसल्या जागी कलंडले. चाचींनी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली. सरकार तासभर घोरत होतं आणि आम्ही पाचजण कुजबुजत बोलत होतो.

होडी पलीकडच्या काठाला टेकली तेव्हा साहेबांना जाग आली. ते उठले, शर्ट खोचला, आणि उतरायला कडेला आले. समोर उसाच्या फडातली ताजी खोडकी आणि त्यापुढे काटेरी बांध. साहेब थबकले आणि स्वतःच्या पायांकडे पाहायला लागले.

"माझे बूट?"

"तुमी काढलं तितंच," चाचा म्हणाले. "त्या काठाला."

साहेबांनी दूरच्या काठाकडे पाहिलं. बाभूळ बोटाएवढी दिसत होती. चाचा स्टिअरिंगवरून उठून त्यांच्याजवळ आले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. इतका वेळ त्यांनी बुटांचा प्रश्न का ठेवून दिला होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांना आधी साहेबांचं पाहुण्यासारखं जेवण व्हायला हवं होतं.

"साहेब, एक इचारू? येष्टीत चढताना बूट काढता का?"

"नाही."

"ट्रॅक्टरवर? पल्याडच्या काठाला जायच्या नावंत?"

"नाही."

"मंग हितं चढताना कुणी तुमाला काढा म्हणलं व्हतं का?"

 कारकून माझ्याकडे पाहत होता, मी कागदाकडे. साहेबांनी मागे वळून एकदा सगळं पाहिलं, ते 'या' लिहिलेलं पायपुसणं, ती उशी, जेवलेली ताटं, क्लीनर साईडला खिडकीत वाळत घातलेलं चाचींचं लुगडं. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे, कारण त्याला सहज काहीतरी ठोकून देता आलं असतं.

"कुणी म्हणालं नाही," ते म्हणाले. "घरात शिरताना काढतो, तसे काढले."

"लिवा वकील," चाचा हळूच म्हणाले. "जसं बोलले तसं. तुमचं काय घालू नका त्यात."

माझ्या हाताला फार मोह झाला. 'सदर अधिकारी यांनी पादत्राणे' इथपर्यंत वाक्य मनात तयारही झालं होतं. पण मी लिहिलं, 'साहेब म्हणाले, घरात शिरताना बूट काढतो तसे काढले.' साहेबांनी सही केली. पंच म्हणून अण्णांनी सही केली. माझ्या सगळ्या लिखाणात 'सबब' नसलेला आणि कामाला आलेला कागद तेवढा एकच.

साहेबांना फडातून सडकेपर्यंत जायचं होतं. चाचांनी आपल्या टायरच्या चपला त्यांच्यापुढे ठेवल्या. ट्रकच्या जुन्या टायरच्या, स्वतःच कापून केलेल्या, दीडदोन किलोच्या. साहेब त्या घालून धपधप करत गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांचे बूट पावाच्या पिशवीतून ऑफिसात नेऊन दिले. चपला मात्र परत आल्या नाहीत. प्रकरण 'राहते घर' म्हणून वरच्या ऑफिसाकडे गेलं, आणि वर गेलेली फाइल खाली यायची घाई करत नाही हे आपल्याला ठाऊक आहेच. चाचा म्हणायचे, चाचीच्या प्रमोशनची फाइल आणि ही फाइल एकाच टेबलावर असणार. पुढे साहेबांचीही बदली झाली.

चाचा आणखी तीन वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिले. एका सकाळी स्टिअरिंगवर चहा पिता पिता त्यांनी पेला बाजूला ठेवला, चाचींना म्हणाले की जरा टेकतो, आणि टेकले ते उठले नाहीत. कसलाच त्रास झाला नाही. जनाजा काठावरून वर सडकेला न्यायचा होता, आणि पावसानं तो काठ निसरडा झाला होता. पुढून बबनअण्णांचा खांदा होता. दोन पावलं टाकून ते थांबले आणि मागच्यांना म्हणाले, "सावकाश घ्या, चढ हाय." म्हणून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो. कुणाला हसू आलं आणि कुणाला रडू, ते मी सांगू शकत नाही, मला दोन्ही आलं.

मुलीनं चाचींना कल्याणला न्यायचा खूप आग्रह केला. चाची गेल्या नाहीत. आता स्टिअरिंग मोकळं आहे, पण त्या अजून क्लीनर साईडलाच बसतात. चाचा गेल्यानंतरच्या चाळिसाव्याच्या दिवशी मी होडीवर होतो तेव्हा काठावर एक मोटरसायकल थांबली. नलावडे साहेब. कुठल्या तरी लांबच्या तालुक्यातून आले होते. पोट जरा सुटलं होतं. फळीपाशी येऊन ते उभे राहिले. रात्रभर पाऊस झाला होता आणि आत सगळीकडे ओल होती.

चाची पुढे झाल्या. "ऱ्हाऊ द्या पायात, साहेब," त्या म्हणाल्या. "लई वलं झालंया."

"घरात कशा घालू, चाची," साहेब म्हणाले.

ते वाकले आणि पायातलं काढून त्यांनी फळीशेजारी नीट लावून ठेवलं. तेव्हा मी पाहिलं. बूट नव्हते. त्या टायरच्या चपला होत्या, आणि त्या चाचा ठेवायचे तिथंच, होडीकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. चाचींनी त्या चपलांकडे एकदा नीट पाहिलं, मग त्या मासवडीचा रस्सा गरम करायला केबिनमध्ये गेल्या.